मोजणीला बसलेला सुतार

मी सुतार. अकरा वर्षं तुरुंगात काढून आलो आणि आता सिनेमासाठी तुरुंग बांधतोय. सिनेमा सुटून आलेल्या कैद्यांचा, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक मुडदा. काम लेकीनं मिळवून दिलं. ती तिथंच कपडेपट सांभाळते. तिची एकच अट होती. "बाबा, तुम्ही आत होतात हे कुणाला कळता कामा नये."

तीन आठवडे मी ब्र काढला नाही. मग एके दुपारी कुणीतरी शॉटसाठी शिट्टी मारली, आणि मी करवत टाकून भिंतीशी उकिडवा बसलो. हात गुडघ्यांवर, मान खाली. आत मोजणीला बसवतात तसा.

ते दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटलं नाही. गडी खूश झाला. "कशासाठी होतात आत?"

"खून," मी म्हणालो. मोजणीला बसलेला माणूस विचारलं की सांगून मोकळा होतो. लेक रंगानं माखलेला सदरा घेऊन समोरच उभी होती. तिनं डोळे मिटले.

"मग आमच्या हीरोला दाखवा की. वार झाल्यावर नक्की काय होतं?"

हीरो मघाशी सुरा पुसून रुबाबात चालत गेला होता. मला त्याचा मनापासून राग आला. मी मारला तो माझा धाकटा भाऊ होता. दोघांचा एकच कारखाना, आणि भांडण कशावरून, तर चुकीच्या मापानं कापलेल्या एका फळीवरून. काका शेवटी एकटा होता का, असं लेकीनं मला पत्रातून विचारलं होतं. मी लिहिलं, शेवटपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या एका ओळीवर तिनं मला घरात घेतलं होतं. आताही तेच करून दाखवता आलं असतं. पण मी खाली बसलो, भाऊ बसला होता तसा, आणि पुढचं खोटं जमेना.

"तो लगेच पडत नाही," मी म्हणालो. "आधी असा बसतो. दादा, हे काय केलंस, असं साध्या आवाजात विचारतो. मग म्हणतो, थांब ना जरा."

"आणि तुम्ही?"

"मी पळालो. अनवाणी."

दिग्दर्शकानं तोंड वाकडं केलं. "हे नाही चालणार. हीरो पळपुटा वाटेल." जो तो आपापल्या कामाला लागला.

लेक जवळ आली. नोकरीचं चकार शब्दानं बोलली नाही.

"म्हणजे काका एकटाच होता."

"हो."

"किती वेळ?"

"माहीत नाही, बाळा."

ती सदऱ्याच्या घड्या घालत राहिली.

"आज घरी येऊ नका, बाबा," ती म्हणाली. "आज मला काकाजवळ बसायचंय."