खिंडीवरची निळाई

तेर गावच्या सिताबाईला लेकीची नोकरी काही केल्या कळत नव्हती. समृद्धी घरी बसून, उपग्रहाच्या फोटोंवरून हिमालयातल्या बर्फाचे नकाशे करायची. "आपल्याकडं बर्फ बघायचा तर रसवंतीत जावं लागतंय, आन ही मोजतीय हिमालयातला!" असं सिताबाई शेजारणींना हसून सांगायची. पण थोरला शिवराज लडाखातल्या एका खिंडीत बर्फ काढायच्या मशीनवर ऑपरेटर लागला आणि नऊ दिवस त्याचा फोन लागेना, तेव्हा तिचं हसू मावळलं.

दहाव्या दिवशी ती लेकीच्या मागं येऊन उभी राहिली. "दाव मला. कुठं हाय माझं पोरगं?"

समृद्धीनं ताजा फोटो उघडला. या कडेपासून त्या कडेपर्यंत निळंशार! सिताबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! एवढं पाणी! बुडाली की गं सगळी खिंड!"

"पाणी न्हाय आई, बर्फ हाय. बर्फ आन ढग, दोन्ही पांढरे, गल्लत होती. म्हणून आमी बर्फ निळा दावतो."

"आन वितळल्यावर काय हुतंय ह्याचं?"

"नद्या भरत्यात."

"मग पाणीच की ते!"

सिताबाई स्क्रीनजवळ वाकली. इथं उन्हाळ्यात तेरणा नदीला धार नसते, आणि तिथं देवानं डोंगरावर एवढं पाणी उभं करून ठेवलंय! तिचे हात आपसूक जोडले गेले. पण तेवढ्या निळ्यात माणसाचा ठिपकाही दिसेना.

उपग्रह पाच दिवसांनी परत त्या खिंडीवर येणार होता. ते पाच दिवस तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. मेंढरं सोडताना रोज वर बघायची.

नवा फोटो आला. समृद्धीनं मान हलवली. "खिंड बंदच दिसतीय."

"थांब जरा." सिताबाई मागं सरकत उंबऱ्यापर्यंत गेली. सुईत दोरा ओवायला तिला लेक लागायची, पण पलीकडच्या माळावर लंगडणारं मेंढरू ती इथून ओळखायची. "ती मातकट रेघ बघ. मेंढरांच्या वाटेगत वळणं घेत वर चढलीय."

समृद्धीनं फोटो मोठा केला आणि ती ओरडलीच, "आई, रस्ता हाय गं! कुणीतरी बर्फ कापलाय!"

"कुणीतरी न्हाय," सिताबाई म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

दुपारी फोन वाजला. "आई, आत्ता कुठं रेंज आली बघ. खिंड खुली केली आमी!"

"ठाव हाय रं मला," सिताबाई म्हणाली. "म्या बघितली."