काल्याच्या दिवशी मैना

ढोल वाजला की मैनाचा पाय उचलला जायचा, आणि गफ्फारभाईंच्या काळजात धस्स व्हायचं. उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीत हेच चाललं होतं.

मैना ही अब्दुल गफ्फारांची वरातीची पांढरी घोडी. अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत किती नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला गेले असतील, देव जाणे. ती नाचायची, म्हणून तिला मागणी. वैशाखात वलगावच्या एका वरातीत नाचता नाचता तिचा पुढचा उजवा पाय नालीवरच्या फुटक्या फरशीत गेला. नवरदेव सुखरूप उतरला. मैना मात्र तिथेच बसली. हाड वाचलं, पण पायामागची मोठी शीर फाटली होती.

गुरांच्या डॉक्टरीणबाई, दामिनी मॅडम, यांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आधी नुसतं उभं ठेवायचं, मग दोरी धरून हळूहळू फिरवायचं, आणि पाय थंड राहिला तरच पाठीवर एखादं हलकं माणूस. चालली तर बरी होईल, नाचली तर शीर पुन्हा फाटेल, आणि मग त्यांच्याही हातात काही उरणार नाही.

तेव्हापासून गफ्फारभाई रोज सकाळी तिच्या पायावर गार पाणी सोडायचे, पट्टी बांधायचे आणि तिला घेऊन चौकापर्यंत जायचे. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. दोघं एका बाजूला झुकत परत यायचे, तेव्हा त्यांची बायको गुलनारभाभी दारातूनच म्हणायची, "लोकं मले इचारतात, यातला बिमार कोन हाये."

दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि गल्लोगल्ली बँड सुरू झाले. ढोल ऐकला की मैना मान कमानीसारखी वळवायची, पाय वर. गफ्फारभाई घाबरून दोरी हाताला गुंडाळायचे, तिच्या जबड्याखाली घट्ट आवळून धरायचे, घामाघूम व्हायचे. तरी ती दोन-चार ठेके घ्यायचीच. संध्याकाळी पाय सुजायचा, की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

शेवटी ते थकले. गुलनारभाभीचा भाऊ दानिश अकोल्याला घोडे पाळतो. तो म्हणाला, घोडी मला द्या, शिंगरं देईल, तिच्यावर बसायची गरजच नाही. गफ्फारभाईंनी हो म्हटलं. मला सांगताना ते मैनाकडे बघत नव्हते. "हातात जोर नाई राह्यला बाई. तिले म्या लहानाची मोठी केली, पन आता रोकता येत नाई मले."

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्लीसाठी अजून बाईच आहे. आमच्या विठ्ठल मंदिरात त्याच आठवड्यात सप्ताह बसला होता. माझा तर जीवच कीर्तनात. मला वाटलं, घोडीच्या कानांना वाद्यांची सवय झाली तर? कीर्तनाची सुरुवात किती शांत असते. नमन होतं, अभंग लागतो, मृदंग जेवून उठलेल्या माणसासारखा सावकाश चालतो. मी म्हटलं, तिला मंडपाबाहेर लिंबाखाली आणून उभी करा, आणि गजर सुरू व्हायच्या आत घेऊन जा.

"घोडीले कीर्तन आयकवता?" ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. पण आले.

रोज संध्याकाळी यायचे. दोरी ताठ धरून उभे राहायचे. मैना कान हलवायची, खूर जमिनीवर घासायची. कीर्तनकार स्वानंदबुवा निरूपणातून अभंगाकडे वळले, की मी मान वळवून लिंबाकडे बघायचे आणि माझं चित्त अर्धं तिकडेच राहायचं. देवाने ते पोटात घातलं असेल. फरक काही पडला नाही. एके दिवशी परतताना गफ्फारभाई एवढंच म्हणाले, की मृदंगवाल्याचा हात चांगला आहे.

काल्याच्या दिवशी दुपारी दानिश गाडी घेऊन येणार होता. काल्याचं कीर्तन सकाळचं. मी म्हटलं, सुरुवातीपुरतं तरी आणा तिला. रात्रभर तिचा पाय चोळून गफ्फारभाईंचे डोळे लाल झाले होते. ते लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले, आणि मी बायकांच्या रांगेत.

बुवांनी त्या दिवशी असं रंगवलं, की वेळेचं भान राहिलं नाही. आणि एकदम टाळकरी उभे राहिले, मृदंग चढला, गजर उठला. मला मैना आठवली. मी वळून बघितलं तर गफ्फारभाई गाढ झोपलेले. डोकं मैनाच्या त्याच दुखऱ्या पायाला टेकलेलं, आणि दोरी मांडीवर नुसती पडलेली.

उठायचं म्हटलं तर चारी बाजूंनी बायका उभ्या, वाट नाही. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. माझे हात तसेच राहिले. गजरात मी टाळी वाजवली नाही, असं जन्मात पहिल्यांदा झालं. मैनाने कान टवकारले. मान कमानीसारखी वळली. छातीवरची कातडी थरथरली. आता, आता, असं मी म्हणत होते. तिने मान खाली घातली, गफ्फारभाईंची टोपी हुंगली, आणि तशीच उभी राहिली.

गजर टिपेला गेला. हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला वाटला गेला. मैना मागचा एक पाय सैल सोडून निवांत उभी होती.

प्रसाद घेऊन मी त्यांना उठवलं. ते दचकून उठले आणि आधी पायाला हात लावला.

"नाचली?"

"नाही."

"पूर्न गजर झाला?"

"पूर्ण झाला. मी बघत होते."

त्यांना पटलं नाही. घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरची दोरी उचलून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी दिलेला काला त्यांच्या हातातून गळत होता.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हिले नाच शिकवला तवा ढोल वाजला का म्या दोरी आवळाचो. ढोल, आन् दोरी. बस, तेवढंच शिकवलं." दोरी मुठीत आवळली, सोडली आणि म्हणाले, "आन् आता रोकाले काय करून राह्यलो होतो म्या?"

मी त्यांच्या हातावरचा काला पदराने पुसला.

दुपारी दानिश आला. गफ्फारभाईंनी त्याला चहा देऊन ओट्यावर बसवलं, मैनाच्या पायाला पुन्हा हात लावून बघितला, तिच्या पाठीवर घोंगडी टाकली आणि बायकोला म्हणाले, बस. हलकं माणूस घरात तेवढंच होतं.

गुलनारभाभीने कपाळावर हात मारला. "माह्या लग्नात मले अकोल्याहून यष्टीनं आनलं. दुनियेचे नवरदेव मिरवले या घोडीवर, आन् म्या आता म्हातारपनी बसू?" असं बोलत बोलतच ती ओट्यावर चढली, आणि दानिशने हात देताच पाठीवर बसलीसुद्धा.

मैना चालू लागली. पाऊल जपून, पण सरळ पडत होतं. मी पदर तोंडाशी धरून मागून चालले. चौकापाशी पोचतो न पोचतो तोच मोठ्या रस्त्यावरून एक वरात आली, बँडसकट. ढोल धाडकन वाजला. मैनाची मान वळली. गफ्फारभाईंची बोटं मिटली, मला दिसलं ते. मिटून अर्ध्यावर थांबली. मग एकेक बोट सुटलं, दोरी पार खाली लोंबली, आणि ते मैनाकडे न बघता, पाय ओढत, पुढे चालत राहिले.

तिचा एक कान त्यांच्याकडे वळला. पाऊल पडलं. त्यामागे दुसरं.

वरात निघून गेली. आम्ही परतलो. दामिनी मॅडमनी शिकवलं होतं तसं गफ्फारभाईंनी पायावर हात फिरवला. पाय थंड होता. दानिशने चहा संपवला आणि रिकामी गाडी वळवून अकोल्याला गेला.

गफ्फारभाई ओट्यावर बसले, गुडघे धरून. न नाचणाऱ्या घोडीला आता कोण बोलावणार, असं म्हणाले. मी म्हटलं, ज्याला नुसतं मारुतीपर्यंत पोचायचं आहे, तो बोलावेल. डोळे मिटत होते त्यांचे.

गुलनारभाभी अजून घोडीवरच होती.

"अजून एक चक्कर," ती म्हणाली.

"उतर वो. पाय दुखून राह्यले."

"तुमचे ना? तिचे त नाई."

"डॉक्टरीनबाईनं एकच सांगतली."

ती थोडा वेळ वरूनच गल्लीकडे बघत राहिली. मग उतरायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग उद्या," म्हणाली.