छपराखालचा पाऊस

मिलिमीटरमामांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं, आणि ते बिचारं तिथेच राहिलं. बाहेर सगळे त्यांना मिलिमीटरमामाच म्हणत. तालुक्याच्या शेती ऑफिसात ते शिपाई म्हणून लागले, त्याच दिवशी आवारातलं पाऊस मोजायचं भांडं त्यांच्या गळ्यात पडलं. दुसरा कुणी असता तर कुरकुरला असता. मामांनी त्या भांड्यात जीव गुंतवला. रोज सकाळी साडेआठला झाकण काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचा आणि वहीत आकडा मांडायचा. बावीस वर्षं! मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा पाहुण्यांना ताटकळत ठेवून ते आधी भांडं बघून आले होते. मामी ते अजून विसरलेल्या नाहीत.

"एक आकडा चुकलेला दाखवा, मिशी उतरवतो," असं मामा येईल त्याला सांगत. मिशी चांगली भरघोस होती, म्हणजे पैज काही लहान नव्हती.

तर अशा या मामांच्या दारात एका रविवारी दुधाच्या गाडीतून आक्का उतरली. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, बारा किलोमीटरवरच्या डोंगराकडच्या कोरड्या गावात राहणारी. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काय रे शहाण्या, तुझ्या त्या भांड्यात पाऊस पडतो तरी कुठून?"

झालं होतं असं. जिल्ह्याची माहिती-पुस्तिका तयार होत होती. किती जमीन भिजते, किती पडीक आहे, किती विहिरी आटल्या, शाळेत पोरं किती उरली, सगळं त्यात येतं. त्यावरून कोरडी गावं निवडून तिथे तलाव बांधायचे ठरले होते. अट एकच: पाच वर्षांचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत हवा. आक्काच्या गावासकट तिकडची सातही गावं यादीतून उडाली, कारण त्या गावांनाही तालुक्याचं हेच भांडं धरत, आणि मामांच्या वहीप्रमाणे सरासरी निघाली पाचशे ऐंशी.

"विहिरीत बादली टाकली तर खडखड वाजते," आक्का म्हणाली. "शाळेतले अर्धे बाक रिकामे. आणि तुझी वही म्हणते, यांना पाऊस भरपूर! पोरगा आणि सून सामान बांधायला लागलेत. तलाव होत नसेल तर शहरात जातो म्हणतात. मग मी काय भिंतींशी बोलत बसू?"

"आक्का, मी या डोळ्यांनी मोजलाय. इथे पडतो, तिकडे पडत नसेल."

"मग माझ्या अंगणात मोज!"

"मोजतो! होऊनच जाऊ दे!"

मामा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांनी पत्रेवाल्याकडून भांड्याच्याच तोंडाचे दोन डबे करून घेतले. दोन कशाला? तर एक आक्काच्या अंगणात ठेवायचा, आणि दुसरा ऑफिसच्याच मोकळ्या पटांगणात, भांड्यापासून तीस पावलांवर, म्हणजे डबा बरोबर मोजतो की नाही हे आधी कळेल. मामांचं काम असं चोख.

पहिल्या सरीनंतर भांड्यात एकतीस भरले, पटांगणातल्या डब्यात सतरा. मामा डबा उचलून तडक पत्रेवाल्याकडे गेले आणि त्याला नको नको ते बोलले. त्याने शांतपणे टेप लावून तोंड मोजून दाखवलं. केसाइतकाही फरक नव्हता.

दुसऱ्या सरीला भांड्यात चोवीस, डब्यात तेरा. आक्काने फोनवर सांगितलं, "माझ्याकडे बारा. नातीने मोजलं, आणि मी चष्मा लावून तिच्यावर लक्ष ठेवलं."

दोन्ही डबे एका बाजूला आणि मामांचं भांडं एकटं दुसऱ्या बाजूला. मामांना जेवण गोड लागेना.

आणि मग एका बुधवारी भर दुपारी चार वाजता पाऊस आला. एरवी इकडे पाऊस यायचा तो ऑफिस सुटल्यावर. मामा सकाळी यायचे तेव्हा नुसतं पाणी शिल्लक असायचं. त्या दिवशी मात्र ते फाइल घेऊन खिडकीशी उभे होते. भांड्याशेजारचं पत्र्याचं छप्पर भरभरून वाहत होतं. वाऱ्याचा एकेक झोत यायचा आणि पत्र्यावरची धार उचलून थेट भांड्याच्या तोंडात नेऊन सोडायचा.

मामांनी फाइल खिडकीतच टाकली. "अरे माझ्या कर्मा!"

कारण ते छप्पर त्यांनीच मागून घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, की नोंद घेताना वही भिजते, सबब डोक्यावर पत्रा मिळावा. मिळाला. वेल्डरने विचारलं, उतार कुठे देऊ? एका बाजूला साहेबांचं दार, दुसऱ्या बाजूला भांडं. साहेबांच्या दारात पाणी नको, एवढंच सगळ्यांना सुचलं. भांड्याजवळ काही उभं करू नये हा नियम मामांना तोंडपाठ होता. त्यासाठी त्यांनी हाताने लावलेलं लिंबाचं रोप उपटलं होतं. आणि स्वतःच्या डोक्यावर पत्रा घेताना तोच नियम विसरले होते.

घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मामी म्हणाल्या, "जेवणार आहात की भिंतीकडेच बघणार आहात?" तेव्हा सगळं सांगितलं. दोन महिन्यांनी निवृत्ती होती. पुस्तिका ज्या बैठकीत पक्की होणार, त्याच बैठकीत मामांचा सत्कारही होता, बावीस वर्षांच्या अचूक नोंदींबद्दल. गप्प राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"आता काय करणार?" मामींनी विचारलं.

"सांगणार. पण आधी पुरावा गोळा करतो. नुसतं तोंडाने कोण ऐकणार?"

मामींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "मग वस्तरा काढून ठेवते," त्या म्हणाल्या.

चाळीस दिवस मामांनी तिन्हीकडच्या नोंदी ठेवल्या. अकरा सरी झाल्या, अकराही वेळा भांडं जवळजवळ दुप्पट बोललं. मग बैठकीच्या दिवशी मामा सभागृहात शिरले आणि सगळे बघतच राहिले. ओठावर मिशी नव्हती! कुणीतरी हसलं. मोठे साहेब हार हातात घेऊन तसेच थांबले.

"मामा, हे काय?"

"साहेब, एक आकडा चुकला तर मिशी उतरवीन म्हणालो होतो. एक नाही, तीन वर्षांचे आकडे चुकलेत. हार खाली ठेवा आणि आधी ही वही बघा."

 छप्पर, उतार, वारा, डबे, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि अर्ज आपलाच होता हेही. आकडेवारीच्या मॅडमनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ पानं उलटली.

"ही तीन वर्षं धरताच येणार नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याआधीची पाच घेऊ." त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली. "चारशे तीस. साहेब, सातही गावं अटीत बसतात."

मामांचा जीव भांड्यात पडला. मानपत्र छापून तयार होतं. मामांनी मॅडमचं पेन मागून घेतलं, 'बावीस' खोडून स्वतःच्या हाताने 'एकोणीस' लिहिलं आणि मगच ते स्वीकारलं. टाळ्या मात्र बावीस वर्षांच्याच पडल्या.

पुढच्या आठवड्यात आक्का तलावाच्या जागेच्या कागदावर अंगठा उठवायला ऑफिसात आली. सोबत पोरगा होता. सामान परत माळ्यावर चढलं होतं. साडेआठ वाजले होते आणि पाऊस चालू होता. छप्पर मामांनी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी वेल्डरला बोलावून काढून टाकलं होतं. उघड्यावर, वही सदऱ्याच्या आत धरून, मामा गुडघ्यावर बसले होते. आक्का छत्री उघडून धावली.

"अगं आक्का, छत्री लांब! लांब धर, पाणी भांड्यात जाईल!"

आक्काने छत्री मिटली. भावाशेजारी तशीच भिजत उभी राहिली.

"किती?"

"सहा."

"खरे?"

"खरे."

"मग लिही," आक्का म्हणाली आणि वहीवर आपला पदर धरला.