राणीच्या वाटेवरची माती

तीन वर्षांपूर्वी काकाने कापणीचं भलंमोठं यंत्र आणलं आणि त्याचं नाव ठेवलं राणी. काकू तिला सवत म्हणायची. धान्याची टाकी भरून राणी घरावरून गेली की फडताळातली भांडी वाजायची.

गेली दोन वर्षं खालच्या शेतातला गहू गुडघ्याच्या वर सरकत नव्हता. काका म्हणे, दादानेच बियाणं फालतू आणलं. दादा म्हणजे चिंगीचा बाबा. त्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद, आणि निरोपांची ने-आण चिंगीच्या गळ्यात.

आज राणी पहिल्यांदाच वरच्या शेतात उतरणार होती. गहू पिकून उभा, आभाळ भरलेलं, जमीन परवाच्या पावसाने अजून ओली. चिंगीने सकाळीच एक सळई घेऊन दोन्ही शेतं पालथी घातली होती. वरच्या शेतात सळई हातभर आत गेली. खालच्या शेतात वीतभर जाऊन अडली. फक्त कुंपणाकडेला, जिथे राणी कधी पोचलीच नव्हती, तिथे पुन्हा सर्रकन खाली.

"काका, बियाण्याचा दोष नाही. राणीने खालची माती पार दाबून टाकलीय. मुळं जाणार कुठे?"

"तू मला माती शिकवणार? कालपरवापर्यंत खात होतीस."

"म्हणून तर ओळखते. दोन दिवस थांब, वाळू दे."

"आणि पाऊस आला तर तुझी सळई गहू कापणार का?"

काका वर चढून बसला. राणी आत शिरली.

चिंगी मागोमाग निघाली. वीस पावलांवर तिने चाकाच्या खुणेत सळई रोवली. जेमतेम वीतभर. टाकी तर अजून रिकामीच होती. काकाने आरशात पाहिलं असावं, कारण यंत्र थांबलं. तो उतरला, सळईवर सगळं अंग टाकलं. सळई वाकली.

"दोन वर्षं मी दादाला..." पुढचं त्याने गिळलं.

"वळव ना मग."

"वळवली तर आणखी तुडवेल. आली तशीच मागे न्यायची. तू बाजूला राहून सांग. त्याच खुणेवरून, बोटभरही इकडेतिकडे नको."

ती सांगत गेली, राणी इंचाइंचाने मागे सरकत गेली. बांधावर बाबा येऊन उभा होता.

काका खाली उतरला, बुटांकडे बघत म्हणाला, "चिंगे, दादाला सांग..."

"तूच सांग."

उभ्या गव्हावर टपटप थेंब पडू लागले, तरी काका अजून शब्दच शोधत होता.