ओला दोरा

शिंपीकाकांचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. लेक तान्ह्या मुलीला घेऊन आज पहिल्यांदाच यायची होती आणि नेमका आजच त्यांचा ओठ फुलला होता. तापामागून असे पाणीदार फोड त्यांना नेहमीच यायचे, पण या वेळी डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: हर्पिस. खपली पडून कातडी बरी होईपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही. ओठाला हात लागला की साबणाने धुवायचा. आपल्याला किरकोळ वाटतं, पण तान्ह्या जिवाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतं.

नाव ऐकूनच काका खजील झाले. लोक काय, बाहेरख्यालीचा रोग म्हणून भलताच अर्थ काढायला टपलेले! म्हणून कोणाला चकार शब्द न सांगता ते मास्क चढवून मशीनवर बसले. "बँक लुटायला निघालात का?" बायकोने विचारलं. काकांनी मशीनचा वेग वाढवला.

दारात पावलं वाजली तेव्हा ते टोपड्याची नाडी टाचत होते. त्यांनी घाईने मास्क नाकावर ओढला. लेकीने आल्या आल्या बाळ मांडीवर ठेवलं. "घ्या, आजोबा!"

काकांचं बोट गालाला टेकणार, तोच त्यांना बोटाला चिकटलेला ओला दोरा दिसला. सुई ओवायला आत्ताच तो ओठांत धरला होता. जन्माची सवय, हाताला कुठली अक्कल!

"उचल तिला! आधी उचल!" ते ओरडलेच.

बाळ रडायला लागलं. लेकीचा चेहरा उतरला. "मुलगी झाली म्हणून ना, बाबा?"

हे मात्र काकांच्या काळजाला लागलं. लाज गेली खड्ड्यात. त्यांनी मास्क खाली ओढला. "हे बघ. हर्पिस आहे मला. तिला लागेल म्हणून ओरडलो."

लेकीला हसू फुटलं. "एवढंच? परीक्षा आली की माझाही ओठ फुलायचा, विसरलात? तुमच्याकडूनच आलं असणार. दुसरं कोण एवढे पापे घ्यायचं?"

काका हसले नाहीत. "तू एवढीशी असताना लागलं असतं तर गं?"

"नाही ना लागलं! जा, हात धुऊन या."

काकांनी इतके हात घासले की बायको म्हणाली, "कातडी ठेवा थोडी." मग मास्क नीट बांधून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. तिने त्यांचं बोट घट्ट धरलं, आणि काकांनी डोळे न उचलता बायकोला सांगितलं, "ते टोपडं धुवायला टाक. आणि यापुढे सुई तूच ओवून देत जा."