घाटासाठी बदललेला गिअर

चढावर आमची स्पोर्ट्स कार धापा टाकते म्हणून ह्यांनी तिच्या मागच्या चाकांचा फायनल गिअर बदलून घेतला. सपाटीला वेग कमी मिळेल, पण अकागीच्या घाटात उसळेल, म्हणे. बसवून देताना इसोगाई मेकॅनिकने ह्यांना बजावलं, "नोबोरूसान, पहिले पाचशे किलोमीटर अगदी हळू. गिअरचे नवे दात एकमेकांत नीट बसू देत."

त्याच आठवड्यात ह्यांच्या पोटात गाठ निघाली.

मग गाडी मी चालवायला लागले, घर ते माएबाशीचं हॉस्पिटल. सगळा सपाट रस्ता. त्या गिअरपायी इंजिन नुसतं बोंबलायचं आणि शेजारी बसून हे डाफरायचे, "अगं, हळू! दात खराब होतील."

"दातांचीच काळजी करा, स्वतःची नको!" मीही फटकारायचे.

काल डॉक्टर म्हणाले, आता औषधं बंद, घरीच ठेवा. परतताना हे किलोमीटरच्या आकड्याकडे बघत बसले होते.

"झाले बघ पाचशे," हे म्हणाले. "आता पळव हवी तेवढी."

पळव म्हणे! मागे गाड्यांची रांग लागली, तरी मी गाडी आणखी हळू केली.