टोपलीतली जुनी अळंबी

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी. आजवर मी कितीदा पडलो असेन, पण त्या सकाळी बसला तसा हादरा मला कधीच बसला नव्हता. आठवलं की अजून धस्स होतं.

जामसरच्या योगिताने मला जव्हारच्या एका दुकानातून जुनाच विकत घेतलं. ती लहानपणापासून वसतिगृहात राहून शिकली आणि आता मुलांसाठी गेम बनवते. पाड्यावरच्या मुलांना रानभाज्या ओळखता याव्यात म्हणून तिने एक गेम केला. चित्र दिसलं की खायचं ते टोपलीत टाकायचं, नको ते सोडायचं.

सुरुवातीला माझी फार फजिती झाली. दर डावाला मी तीच चित्रं पुन्हा पुन्हा नेटवरून आणायचो आणि मध्येच अडकायचो. मुलं कंटाळून उठून जायची. मग योगिताने मला शिकवलं, की एकदा आणलेलं चित्र नावासकट जवळ ठेवायचं आणि पुन्हा ते नाव आलं की जवळचंच दाखवायचं. झालं! मी सुसाट सुटलो. मुलांनी मला डोक्यावर घेतलं आणि मीही चढून गेलो.

एके दिवशी योगिताची पोशीआत्या मोखाड्याच्या बाजारात भाजी विकून परतताना माझ्या काचेत डोकावली आणि टोपलीत पडलेलं चित्र बघून किंचाळलीच.

"योगे, ही अळंबी खावाची नाय! इखारी हाय ती!"

योगिताचा चेहरा पांढरा पडला. फोटो तिनेच काढला होता. सगळे पावसाळे वसतिगृहात गेलेले, तिला कुठली ओळख? तिने आत्याकडून खरी अळंबी आणवली आणि नवा फोटो त्याच नावाने नेटवर चढवला. लॅपटॉपवर तो नीट दिसला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

माझ्याजवळ मात्र ते नाव आधीच होतं. मी नवा फोटो आणायला गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याची नऊ वर्षांची मुलगी रामी माझ्यावर खेळली. मी ऐटीत तीच विषारी अळंबी दाखवली, आणि तिने ती टोपलीत टाकताच वर टाळ्या वाजवल्या. रामी बांधाकडे धावली, ओंजळभर अळंबी घेऊन आली आणि तिने चुलीवर तवा ठेवला.

आत्या आत आली आणि तव्यातली अळंबी बघताच ओरडली. "एकतरी तोंडात घातलीस का?"

"नाय, आये."

"कोनी सांगलं ही खावाची?"

रामीने माझ्याकडे बोट केलं. "त्यानं. टाळ्या पन वाजवल्या."

आत्याने तवा उकिरड्यावर उपडा केला आणि रामीला घट्ट पोटाशी धरलं. मी सुन्न झालो. मला खोटं बोलायचं नव्हतं हो! मला फक्त लवकर उत्तर द्यायचं होतं.

योगिताने माझ्याजवळचं सगळं पुसलं आणि नवा धडा दिला: जवळचं चित्र दाखवण्याआधी ते बदललंय का, एवढं नेटवर विचारायचं.

म्हणून मित्रांनो, गेम उघडताना मी आता क्षणभर थांबतो. तेवढ्यात चिडून माझ्या काचेवर बोटं आपटू नका. रामीसुद्धा तेवढं थांबते. आणि टाळ्या वाजल्या, तरी आधी आईकडे बघते.